चार सह्या, एक मजकूर

एकदा एका तरुण मोजणीदाराने आपल्या वृद्ध गुरूपुढे एक वही उघडून ठेवली आणि म्हटले, "पाळकसाहेब, मला निरोप द्या. मी उद्या गावी जातो."

तरुणाचे नाव निरंजन तोरणे. सहा वर्षे त्याने जमीनमोजणीच्या खात्यात नोकरी केली होती. मग अंतःकरणाची ओढ अनावर झाली, तेव्हा नोकरी सोडून तो धर्मशिक्षणासाठी रेव्हरंड अमोलिक यांच्याकडे येऊन राहिला. अमोलिक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे ख्रिस्ती मंडळीची सेवा केली होती आणि सर्व जातिधर्मांची माणसे त्यांना पाळकसाहेब म्हणूनच ओळखत. मोतीबिंदूमुळे त्यांना आता वाचता येत नसे. निरंजन वाची आणि ते डोळे मिटून ऐकत. कुठे शब्द चुकला की न पाहताच दुरुस्त करीत.

"निरोप कशासाठी?" त्यांनी विचारले.

"मला उपदेशक होता येणार नाही. चार महिने मी येशूच्या चरित्राची चारही शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. ती जुळत नाहीत, पाळकसाहेब." निरंजनने वहीवर बोट ठेवले. पानावर चार उभे रकाने आखलेले होते. "येशूच्या पुनरुत्थानाची सकाळ घ्या. कबरेकडे कोण गेलं? योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो, मत्तय दोघींची, मार्क तिघींची, आणि लूक म्हणतो आणखीही बायका होत्या. योहान सांगतो अंधार होता, मार्क सांगतो सूर्य उगवला होता. मत्तय एका दूताविषयी लिहितो, मार्क शुभ्र झग्यातल्या एका तरुणाविषयी, लूक आणि योहान दोघांविषयी. मत्तयात त्या बायका शिष्यांना सांगायला धावत सुटतात, मार्कात भीतीने कोणाला काहीच सांगत नाहीत. आमच्या खात्यात एका शेताची दोन मापं निघाली तर एक चुकीचं धरतात. इथे तर चार निघाली."

"अशा किती जागा सापडल्या?"

"एकतीस."

"यरीहोच्या वाटेवर आंधळा एक होता की दोन, ते लिहिलंस?"

निरंजनने पाने चाळली. "नाही."

"मग लिही. बत्तीस झाल्या."

निरंजन गोंधळला. गुरुजी रागावतील, समजूत घालतील, निदान दुःखी तरी होतील, असे त्याला वाटले होते. पण अमोलिक शांतपणे भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसले होते. एक दाणा तोंडात टाकून ते म्हणाले, "निरोप देईन. पण आठ दिवस थांब. माझ्या अंगावर एक काम येऊन पडलं आहे आणि मला लिहायला माणूस हवा आहे."

ते काम असे होते.

गावात एका संस्थेचे छोटेसे प्रसूतिगृह होते. चैत्रातल्या एका दुपारी, दोनच्या सुमारास, तिथल्या सामानाच्या खोलीत विजेच्या बोर्डाने पेट घेतला. गाद्या, कापूस, चादरी, सगळेच पेटायला उत्सुक असल्यासारखे पेटले. खोलीला लागूनच बाळंतिणींचा वॉर्ड. त्यात पाच पाळणे होते आणि पाचांतही तान्ही मुले होती. बंब येईपर्यंत वॉर्डाचे छप्पर काळे पडले, पण पाचही मुले आणि त्यांच्या आया सुखरूप बाहेर आल्या. फक्त एका मुलाच्या छातीत धूर गेला होता. चार दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात राहून तेही बरे झाले.

वॉर्डात एकोणीस वर्षे आयाचे काम करणाऱ्या एस्तेरबाई नावाच्या विधवा बाई होत्या. त्या वेळी वॉर्डाची जबाबदारी त्यांच्यावर होती. प्रसूतिगृहाच्या व्यवस्थापकांनी लेखी कळवले की आग लागली तेव्हा एस्तेरबाई जागेवर नव्हत्या, मागच्या अंगणात झोपल्या होत्या, आणि मुलांना इतर चार कर्मचाऱ्यांनी वाचवले. म्हणून बाईंना कामावरून काढावे आणि आवारातली त्यांची खोली रिकामी करून घ्यावी. बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. ते त्यांच्या घरच्या स्टोव्हवर भाजले, असे व्यवस्थापकांचे म्हणणे होते.

गावात कुजबुज सुरू झाली, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष दळवी यांनी चौकशी अमोलिकांवर सोपवली. पाळकसाहेब कोणाची बाजू धरणार नाहीत, याबद्दल कोणालाही शंका नव्हती.

पहिल्या दिवशी व्यवस्थापकांनी चार कागद पुढे ठेवले. कंपाउंडर, रखवालदार, कारकून आणि एक तरुण नर्स अशा चौघांचे ते जबाब होते. निरंजनने ते एकेक करून वाचून दाखवले. आणि वाचता वाचता त्याचा चेहरा खुलत गेला. वेळ तीच, क्रम तोच, शब्दसुद्धा तेच. 'आया एस्तेरबाई वॉर्डात हजर नव्हत्या. त्या मागील अंगणात निद्रिस्त होत्या. आम्ही चौघांनी प्रसंगावधान राखून मुलांना बाहेर काढले.' चार महिने न जुळणाऱ्या रकान्यांशी झुंजलेल्या माणसाला हे वाचून केवढे समाधान वाटले असेल!

"कुठेच विसंगती नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला. "एका अक्षराचाही फरक नाही."

अमोलिकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. पाच बाळंतिणींपैकी दोघी दूरच्या खेड्यांना निघून गेल्या होत्या. उरल्या त्या तिघींकडच्या साक्षी.

पहिल्या कौसाबाई. बाजारात भाजी विकत. त्यांची सून बाळंत झाली होती आणि आगीच्या वेळी त्या बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. "मी सांगते बगा. दारातनं एस्तेर आली. दोन काखंला दोन लेकरं. पयली माजी नात आणली तिनं. तोंडातनं चकार शबूद नाही काढला बाईनं. लेकरं माज्या वटीत टाकली, तशी मी पळाले रस्त्याला."

"तिने एकूण किती मुलं आणली?" निरंजनने विचारले.

"दोन. सांगितलं न्हवं का?"

दुसऱ्या सुनंदाबाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांची खाट दाराजवळ होती. त्या नेमके बोलत. "एस्तेरबाईंनी दोन खेपा केल्या. दारातूनच. चार मुलं आणली, मी मोजली आहेत. पहिला माझा मुलगा आणला. आणि त्या सारख्या मोठ्याने 'देवा, देवा' म्हणत होत्या. मी बाहेर लिंबाखाली उभी होते, तिथपर्यंत ऐकू येत होतं."

तिसरी जुबेदा. वय वीस-बावीस. तिची खाट वॉर्डाच्या अगदी टोकाला, खिडकीपाशी. मूल मांडीवर घेऊन ती हळू आवाजात बोलली. "माझं लेकरू दारातून नाही, खिडकीतून काढलं. मावशीने कूलर बाहेर ढकलला, आधी मला उतरवलं, मग बाळ माझ्या हातात दिलं. मावशीच्या हातात एकच बाळ होतं. माझंच."

शेवटी स्वतः एस्तेरबाई आल्या. हात पट्ट्यांत गुंडाळलेले. निरंजनने विचारले, "किती मुलं काढलीत? कुठून काढलीत?"

बाईंनी मान हलवली. "दादा, मला नीट आठवत नाही. मला पाळणे आठवतात. पाळणा रिकामा झाला की नाही, एवढंच बघत होते मी."

"खिडकी आठवते?"

"नाही."

निरंजनने लेखणी खाली ठेवली. त्याने नकळत पुन्हा रकानेच आखले होते. दोन मुले, चार मुले, एक मूल. दार, दार, खिडकी. पहिली नात, पहिला मुलगा. गप्प होती, ओरडत होती. आणि जिच्यासाठी या तिघी बोलत होत्या, तिला काही आठवतच नव्हते. बायका निघून गेल्यावर तो म्हणाला, "पाळकसाहेब, मला या बाईची दया येते. पण लिहायचं तर खरं लिहावं लागेल. एका बाजूला चार जण एकमुखाने बोलतात, दुसऱ्या बाजूला तिघींचं एकमेकींशी पटत नाही."

अमोलिक उठले. काठी टेकत ते व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. तिथे अध्यक्ष दळवीही बसलेले होते. अमोलिकांनी निरंजनकडून ते चार कागद मागून घेतले आणि विचारले, "निरंजन, यात 'अग्निशामक' हा शब्द आला आहे. कसा लिहिला आहे?"

निरंजनने पाहिले. "'नि'ला चुकून दुसरी वेलांटी दिली आहे."

"चौघांनीही?"

"हो. चौघांनीही."

अमोलिकांनी एक कागद स्वतःकडे ठेवला आणि उरलेले तीन व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवले. "हे आपल्याकडेच राहू द्या. मला एवढा एक पुरे."

"अहो, पण साक्षीदार चार आहेत!" व्यवस्थापक म्हणाले.

"साक्षीदार चार असतील," अमोलिक म्हणाले. "साक्ष एकच आहे."

आणि ते चालू लागले. निरंजनला मात्र ही कृती अन्यायाची वाटली. घरी जाताना तो रागाने म्हणाला, "जे जुळतं ते आपण परत केलंत आणि जे जुळत नाही ते पिशवीत घेतलंत. याला चौकशी म्हणतात का?"

"तुझी मोजणीची टेप अजून आहे?"

"आहे."

"उद्या सकाळी घेऊन ये."

सकाळी दोघे जळक्या वॉर्डात गेले. अमोलिक दाराशी एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला दिसत नाही. कोण कुठे होतं आणि तिथून काय काय दिसतं, ते तू मोजून सांग."

निरंजन व्हरांड्यात गेला आणि कौसाबाई बसल्या होत्या तिथे बसला. दार दिसत होते. दाराच्या आत तीन-चार हातांपलीकडे काही दिसत नव्हते. तिथून तो रस्त्यापर्यंत चालत गेला. सव्वीस मीटर. मध्ये भिंत आली आणि दारही दिसेनासे झाले. म्हणजे नात घेऊन पळालेल्या कौसाबाईंना एकच खेप दिसणे शक्य होते. मग तो लिंबाखाली, सुनंदाबाईंच्या जागी उभा राहिला. तिथून दार सरळ समोर होते. येणारे-जाणारे प्रत्येक माणूस दिसले असते. पण वॉर्डाची मागची भिंत तिथून दिसत नव्हती.

मग तो आत गेला. वॉर्डाच्या मध्यभागी पुरुषभर उंचीचा लाकडी आडोसा होता, अर्धवट जळलेला. त्याच्या पलीकडे जुबेदाची खाट. निरंजन त्या खाटेच्या सांगाड्यावर आडवा झाला. आडोशामुळे दार दिसत नव्हते. फक्त खिडकी दिसत होती. सगळ्या खिडक्यांना गज होते, याच खिडकीचे खालचे गज कूलर बसवण्यासाठी कापलेले होते. तो मागच्या बाजूला गेला. कूलर खिडकीखाली उताणा पडलेला होता, त्याची टाकी फुटली होती. खिडकीच्या कट्ट्यावर, जुबेदाच्या हातात होत्या तशा हिरव्या काचेच्या बांगडीचे दोन तुकडे होते.

निरंजन तिथेच उभा राहिला. दारातून चार, खिडकीतून एक. चार आणि एक पाच. पाळणे पाच होते. सामानाची खोली दाराला लागून, म्हणजे दोन खेपांनंतर दाराच्या चौकटीने पेट घेतला असणार, म्हणून पाचव्यासाठी खिडकी. आणि पहिल्या खेपेला दोन काखेत दोन मुले होती, तर नातही पहिली आणि मास्तरीणबाईंचा मुलगाही पहिला. दोन्ही घरांनी आपलेच मूल पाहिले होते.

तो अमोलिकांपाशी आला. त्याचा आवाज बदललेला होता. "पाळकसाहेब, तिघी खरं बोलतात."

"बस," अमोलिक म्हणाले. "आता मला तुझ्या धंद्यातलं काही सांग. लांबच्या देवळाच्या कळसाची जागा नकाशावर बसवायची, तर एकाच ठिकाणी उभं राहून भागतं का?"

"नाही. दोन-तीन ठिकाणांहून पाहावं लागतं."

"प्रत्येक ठिकाणाहून कोन सारखाच येतो?"

"वेगळा येतो. वेगळा यायलाच हवा."

"आणि दोन मोजणीदारांनी अगदी तोच कोन लिहून आणला तर?"

निरंजन थांबला. "तर एकाने मोजलंच नाही. दुसऱ्याचं उतरवून घेतलं."

"म्हणून मी तीन कागद परत दिले." अमोलिक थोडे पुढे वाकले. "निरंजन, नुसता फरक म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. खोटं बोलणाऱ्यांतही फरक पडतो. फरक कशात आहे आणि एकी कशात आहे, ते पाहायचं. या तिघींचा फरक किती मुलं आणि कुठून, यात आहे. पण बाई आगीत शिरली आणि मुलं घेऊन बाहेर आली, यात तिघींपैकी एकीचंही दुमत नाही. आता तुझी वही घे. चौघांपैकी एक जण तरी म्हणतो का, की कबरेत देह होता?"

"नाही."

"मग्दालीया मरीयेला एकाने तरी वगळलं आहे?"

"नाही. ती चौघांतही आहे."

"योहानात ती एकटी गेली, असं तू लिहिलंस. धावत जाऊन ती शिष्य पेत्राला काय सांगते?"

निरंजनला ते वाक्य पाठ होते. प्रभूला कुठे ठेवले ते आम्हांला ठाऊक नाही, असे ती सांगते. तो ते मनात म्हणू लागला आणि मध्येच अडखळला. "आम्हांला," तो पुटपुटला.

"एकटी गेलेली बाई 'आम्हांला' म्हणेल का? योहानाने एकीवर दिवा धरला म्हणून बाकीच्या नव्हत्या, असं होत नाही. जुबेदाने एक मूल पाहिलं म्हणून चार जळाली का?"

काळ्या पडलेल्या भिंतींवरून चिमण्या ये-जा करीत होत्या.

"शुभवर्तमानात पढवून घेतलेली साक्षही आहे," अमोलिक पुढे म्हणाले. "मत्तयाने ती लिहून ठेवली आहे. कबरेवरच्या पहारेकऱ्यांना हातात पैसे ठेवून सांगण्यात आलं, की सगळ्यांनी हेच म्हणा, आम्ही झोपेत असताना शिष्यांनी देह चोरून नेला. त्या पहारेकऱ्यांत एका शब्दाचाही फरक पडला नसेल. झोपलेल्याला चोर कोण ते कसं कळलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. आणि त्याच सकाळी बायका खरी बातमी घेऊन आल्या, तेव्हा शिष्यांना ती बडबड वाटली. बायकांचं ऐकून घ्यायला तेव्हाही कोणाला सवड नव्हती, निरंजन."

निरंजनने मान खाली घातली. काल आपणही बायकांची साक्ष तशीच बडबड ठरवत होतो, ते त्याला उमगले.

"जुन्या काळी चौघांचं मिळून एक सलग पुस्तक करण्याचा प्रयत्नही झाला होता. कुठे खाच नाही, कुठे फट नाही, असं. पण मंडळीने शेवटी चारही वेगळी जपली. फरक त्यांना दिसत नव्हते असं समजू नकोस. तुझ्या आधी फार लोकांनी रकाने आखले आहेत."

"म्हणजे बत्तीसही जागा जुळतात?"

"नाही." अमोलिक हसले. "बऱ्याच जुळतात. कोण कुठे उभा होता आणि कोणासाठी लिहीत होता, ते कळलं की आपोआप जुळतात. काही मला पन्नास वर्षांत जुळवता आल्या नाहीत. त्या मी झाकत नाही आणि त्यांच्यासाठी खोटी जुळणीही करत नाही. एस्तेरबाई गप्प होती की देवाला हाका मारत होती?"

"ते मला अजून कळलं नाही."

"मलाही नाही. तसंच लिही. दोन्ही लिही. तेवढ्यासाठी पाच मुलं पुन्हा आगीत जात नाहीत."

त्या दिवशी दुपारी अमोलिकांनी चार कर्मचाऱ्यांना एकेकटे बोलावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही कोणतं मूल उचललंत? मुलगा की मुलगी?" कंपाउंडर म्हणाला, कागदात लिहिले आहे तसेच. कारकुनानेही तेच सांगितले. रखवालदार म्हणाला, गडबडीत पाहिले नाही. तरुण नर्स आत आली, तिने प्रश्न ऐकला आणि ती रडू लागली.

"मी कोणालाच उचललं नाही, पाळकसाहेब. आम्ही चौघं फाटकाशी होतो. आत जायची हिंमतच झाली नाही. कागद ऑफिसात टाइप केलेला होता. आम्ही सह्या केल्या."

"कागद का लागला?"

"बोर्डातून ठिणग्या उडतात, असं एस्तेरमावशींनी तीनदा लिहून दिलं होतं. ते बाहेर आलं असतं तर व्यवस्थापकसाहेबांवर आलं असतं."

दोन दिवसांनी संस्थेची बैठक भरली. निरंजनने अहवाल वाचला. त्यात त्याने तिघींचे जबाब त्यांच्याच शब्दांत, कौसाबाईंच्या 'शबूद'सकट, जसेच्या तसे ठेवले होते. सोबत वॉर्डाचा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येकीची जागा दाखवलेली होती. नर्सचा नवा जबाबही होता. वाचून झाल्यावर अध्यक्ष दळवींनी चष्मा काढला.

"तोरणे, अहवाल उत्तम आहे. पण आपण या तिघींचं मिळून एक सुसंगत निवेदन का केलं नाही? इथे एकीत दोन मुलं, एकीत चार. उद्या कोणी विचारलं की यातलं खरं कोणतं, तर आम्ही काय सांगायचं?"

निरंजनने सवयीने गुरूंकडे पाहिले. अमोलिकांचे डोळे मिटलेले होते.

"तिन्ही खरी आहेत, साहेब," निरंजन म्हणाला. "मी त्यांचं एक निवेदन केलं असतं, तर ते माझं झालं असतं. आणि मी तर तिथे नव्हतो. या तिघी होत्या. व्हरांड्यातल्या बाईला खिडकी दिसली नाही आणि खाटेवरच्या मुलीला दार दिसलं नाही, एवढाच त्यांचा दोष. एक गोष्ट मात्र मला जुळवता आलेली नाही. बाई गप्प होत्या की देवाला हाका मारत होत्या, ते मला ठाऊक नाही. तसं मी शेवटी लिहिलं आहे."

दळवींनी पुन्हा एकदा नकाशा पाहिला. मग ते म्हणाले, "राहू द्या. असंच राहू द्या."

एस्तेरबाईंची नोकरी राहिली, खोलीही राहिली. हात बरे होईपर्यंत त्यांना भरपगारी रजा मिळाली. व्यवस्थापकांनी महिनाअखेर राजीनामा दिला. तरुण नर्सला मात्र अमोलिकांच्या शब्दावरून कामावर ठेवण्यात आले.

बैठकीनंतर निरंजन एस्तेरबाईंच्या खोलीवर गेला. अहवालाची एक प्रत त्यांच्याजवळ असावी, असे त्याला वाटले होते. बाईंना वाचता येत नव्हते. "वाचून दाखवतोस का, दादा?" त्या म्हणाल्या.

निरंजन उंबऱ्याशी बसला आणि त्याने तिन्ही जबाब सावकाश वाचले. कौसाबाईंची दोन लेकरे. सुनंदाबाईंची चार मुले आणि 'देवा, देवा'. मग जुबेदाची खिडकी. कूलर कसा ढकलला, आधी आईला कसे उतरवले, आणि भाजलेल्या हातांनी मूल कसे खाली दिले, ते सगळे. बाई पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे मिटले. वाचन संपल्यावर त्यांनी ते उघडले.

"तिघी खरं बोलल्या," अखेर त्या म्हणाल्या. "पण दादा, तिघींचं ऐकलं तेव्हा कुठे मला कळलं, की मी काय काय केलं."

निरंजनने कागदाची घडी बाईंच्या उशाशी ठेवली, त्यांना नमस्कार केला आणि तो गुरूंच्या घराकडे वळला. गावी जाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि अमोलिकांनीही कधी विचारले नाही.

चार माणसे एकच घटना चार प्रकारे सांगू लागली, तर त्यांना खोटे ठरवण्यापूर्वी इतके तरी विचारावे, की त्या घडीला कोण कुठे उभे होते.